बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांची शिस्त

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, हा समज जुना आणि चिवट असला, तरी ते सरावाने कमावता येते या विश्वासावर उभी राहिलेली ‘टोस्टमास्टर्स’ ही संस्था शंभर वर्षे टिकून आहे. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत शिक्षणाचे काम पाहणारे राल्फ स्मेडली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे तरुणांसाठी भाषणाचा सराव सुरू केला. पुढे ते गावोगावी असे गट काढत गेले, पण त्यांनी गाव सोडले की मागचा गट विस्कटत असे. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे सुरू झालेला क्लब मात्र रुजला. मेजवानीत वक्त्यांची ओळख करून देणाऱ्या सूत्रसंचालकाला टोस्टमास्टर म्हणत, त्यावरून हे नाव पडले. स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७३ साल उजाडावे लागले, आणि त्याआधीच ‘होमर’ या पुरुषी नावाने नोंद होऊन सदस्य झालेल्या हेलन ब्लँचर्ड १९८५ मध्ये संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

या पद्धतीचा विशेष असा की येथे शिक्षक नसतो. सदस्य आळीपाळीने बोलतात आणि उरलेल्यांपैकी काहींना ऐकण्याची ठरावीक कामे वाटून दिली जातात. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा दाखवणारा वेळनोंदक हा त्यांपैकी एक. दुसरा सदस्य ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘ॲक्च्युअली’ असे विचार जुळेपर्यंतची फट बुजवणारे शब्द मोजतो आणि सभेच्या अखेरीस कोणी किती वापरले हे सर्वांसमक्ष वाचून दाखवतो. शब्द मोजले जात आहेत या जाणिवेने सुरुवातीला वक्ता अधिकच अडखळतो, पण त्या जागी गप्प राहिले तरी चालते, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येते.

सर्वांत कठीण काम मूल्यमापकाचे, म्हणजे दोन-तीन मिनिटांत वक्त्याचे बळ आणि उणीव सांगणाऱ्याचे. ‘भाषण छान झाले, आत्मविश्वास वाढवा’ हा अभिप्राय कोणालाही देता येतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ‘दुसरे उदाहरण देताना नजर कागदाकडे गेली आणि वाक्याचा शेवट मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही’ असे सांगितले, तर पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे ते कळते. शिवाय या मूल्यमापकांचेही मूल्यमापन करणारा आणखी एक सदस्य असतो. महाराष्ट्रातील शालेय वक्तृत्व स्पर्धांत नेमकी हीच बाजू लंगडी राहते: घरच्या मोठ्यांनी लिहून दिलेले भाषण मुले हातवाऱ्यांसह पाठ म्हणतात, परीक्षक गुण देतात, क्रमांक जाहीर होतात आणि चौथ्या क्रमांकाच्या मुलाला आपले काय चुकले हे कधीच समजत नाही.

अर्थात उणिवा याही पद्धतीत आहेत. सदस्य एकमेकांना दुखवायला कचरतात, म्हणून कौतुकाचा सुकाळ होतो, आणि काही काळाने एकाच साच्यातील भाषणे ऐकू येऊ लागतात. त्याहून मोठा प्रश्न कामाच्या ठिकाणचा आहे, कारण तेथे सात मिनिटे सलग बोलू देण्याचे सौजन्य दुर्मीळ असते. वरिष्ठ दुसऱ्याच वाक्याला अडवून ‘मुद्द्याचे सांगा’ म्हणतात आणि प्रस्तावनेत जपून ठेवलेला किस्सा तसाच राहतो. अशा वेळी निष्कर्ष आधी आणि कारणे मागाहून सांगण्याची सवय कामी येते. समोर आलेल्या अनपेक्षित विषयावर एक-दोन मिनिटे बोलायला लावणारा, ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा सभेतील भाग या सवयीच्या सर्वांत जवळचा आहे, आणि नोकरीतील बढतीसाठी आलेला नवा सदस्य बहुधा तोच टाळू पाहतो.