पाच किलो डीएपी आणि पंधरा शेततळी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकता ऐकता आकडे निसटले, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आजचा विषय आहे शेतातून वाहून जाणारा स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस. डीएपीच्या गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं ना, त्यातला ४६ हा त्याचाच आकडा.

आधी एक हिशेब

हा ४६ टक्के आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो. नुसता फॉस्फरस मोजला तर डीएपीमध्ये तो साधारण २० टक्के भरतो. म्हणजे पाच किलो डीएपीत एक किलो फॉस्फरस. ५० किलोची गोणी १३५० रुपयांची धरली, तर हे पाच किलो झाले १३५ रुपयांचे. हेक्टरभर रानातून वर्षाला एवढं वाहून गेलं तर पिकाला पत्ता लागत नाही. उतारा घटत नाही आणि खिशालाही फारसं कळत नाही.

आता तेच पाण्याच्या बाजूने बघा. तलावात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की शेवाळ माजायला पुरेसं होतं. या हिशेबाने एक किलो फॉस्फरस तब्बल ३ कोटी ३० लाख लिटर पाण्याला पुरतो. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं साधारण २२ लाख लिटरचं असतं. अशी पंधरा शेततळी भरतील एवढं पाणी!

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. शेतकऱ्याला जे नुकसान जाणवतही नाही, ते पाण्याला पुरेपूर जाणवतं. त्यामुळे पीक आपल्याला सांगेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. धोका आपणच शोधावा लागतो.

टोलेडोत काय झालं?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला टोलेडो शहर आहे. २ ऑगस्ट २०१४ ला तिथल्या चार लाखांहून जास्त लोकांना सांगण्यात आलं, की नळाचं पाणी पिऊ नका. सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष पाण्यात उतरलं होतं. उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्यावर पाणी आटतं, विष मागेच राहतं. ही बंदी ४ ऑगस्टला उठली.

त्या शेवाळाला खाऊ घालणारा बराचसा फॉस्फरस मॉमी नदीतून येतो, आणि मॉमीच्या खोऱ्यात मैलोन्मैल मका-सोयाबीन आहे. गंमत बघा, १९७० नंतर सांडपाणी आणि डिटर्जंटमधला फॉस्फरस कमी केल्यावर हे सरोवर सुधारलं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत वाढू लागलं.

मग शेतकरी निष्काळजी झाले होते का? उलट! माती धुपू नये म्हणून अनेकांनी नांगरट बंद केली होती. माती वाचली, मातीला चिकटून जाणारा फॉस्फरसही घटला. पण वरून फोकलेलं खत मातीत मिसळेना. ते वरच्या दोन-चार बोटांच्या थरात साठत गेलं, पावसात विरघळलं आणि जमिनीतल्या भेगांमधून खाली निचऱ्याच्या पाइपांत उतरून थेट चरांत पोचलं. शेवाळ परत येण्याची जी कारणं शास्त्रज्ञ देतात, त्यातलं हे एक मोठं कारण आहे.

यातून लक्षात काय ठेवायचं? फॉस्फरस दोन वाटांनी पळतो. एक मातीला चिकटून, दुसरा पाण्यात विरघळून. एक वाट बुजवताना दुसरी उघडी राहू शकते. आणि विरघळलेला फॉस्फरस शेवाळाला लगेच वापरता येतो.

धोका कसा मोजायचा?

१९९३ मध्ये अमेरिकेत यासाठी 'फॉस्फरस इंडेक्स' मांडला गेला. कल्पना सोपी आहे. धोक्याला दोन गोष्टी लागतात, साठा आणि वाट. साठा भरपूर, पण पाणी शेताबाहेर जातच नाही? धोका कमी. उतार तीव्र, ओढा लागून, पण मातीत स्फुरद बेताचा? तरी धोका कमीच. दोन्ही एकाच तुकड्यात जुळले, की तिथे लक्ष द्यायचं.

त्यांचे गुण त्यांच्या माती-पावसाचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. प्रश्न मात्र आपल्या रानातही चालतात :

१. मृदा आरोग्य पत्रिकेत 'उपलब्ध स्फुरद' किती आहे? ढोबळमानाने हेक्टरी १० किलोच्या खाली कमी आणि २५ किलोच्या वर जास्त धरतात.

२. खत कसं आणि कधी देता? पेरून की फोकून? मोठ्या पावसाच्या तोंडावर की वाफशावर?

३. कोंबडीखत किंवा शेणखत दरवर्षी त्याच तुकड्यात पडतं का? नत्राची गरज धरून हे खत टाकलं, की स्फुरद गरजेपेक्षा जास्त होतो.

४. पाणी कुठून बाहेर पडतं? ओघळ, फुटका बांध, रस्त्याकडेची चारी, की क्षारपड जमिनीसाठी घातलेले भूमिगत पाइप?

५. तिथून ओढा, विहीर, तलाव किती लांब?

मग करायचं काय?

साठा जास्त असेल तर सवयीची गोणी टाकू नका. कृषी विज्ञान केंद्रात पत्रिका दाखवा आणि मात्रा ठरवून घ्या. इथे पाण्याचंही भलं आणि पैसेही वाचतात.

खत फोकू नका. पाभरीने किंवा पेरणी यंत्राने मातीआड करा. स्फुरद मातीत फारसा हलत नाही, त्यामुळे मुळांजवळ पडला तर पिकालाच जास्त मिळतो. हवामान अंदाजात जोराचा पाऊस असेल तर दोन दिवस थांबा.

माती वाहत असेल तर उताराला आडवी पेरणी करा, बांध दुरुस्त करा, ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा ठेवा. पण एक सांगतो, गवत माती अडवतं, विरघळलेला स्फुरद मात्र फारसा अडवत नाही. आणि पाइपातलं पाणी तर गवताच्या खालूनच निघून जातं. अशा ठिकाणी साठा आणि खताची पद्धत यांवरच काम करावं लागतं.

हे सगळं पूर्ण रानात करायची गरज नसते. बहुतेक वेळा फॉस्फरसचा मोठा वाटा छोट्या तुकड्यांमधून आणि मोजक्या जोरदार पावसांत जातो. तो तुकडा सापडला की अर्धं काम झालं.

तुमच्यासाठी गृहपाठ

पुढचा मोठा पाऊस झाला, की विजा थांबल्यावर मोबाइल घेऊन बांधावर जा. पाणी जिथून शेताबाहेर पडतं, तिथला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. गढूळ पाणी दिसलं तर माती चाललीय हे नक्की. पण नितळ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, विरघळलेला स्फुरद डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच तुकड्यातल्या मातीचा नमुना खत टाकायच्या आधी तपासायला द्या. व्हिडिओ आणि पत्रिका शेजारी ठेवून बघितलं की तुमचा धोक्याचा तुकडा तुम्हालाच सापडेल.

घरी खताची यादी ज्यांच्या हातात असते, त्या काका-दादांना हा भाग जरूर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!