जुन्या गाडीची जाहिरात आरोग्याच्या चष्म्यातून वाचताना

‘विकणे आहे : एमजीबी रोडस्टर. गडद हिरवा रंग, तारांची चाके, नटबोल्टापासून पूर्ण पुनर्बांधणी, नवे सिल, अनलेडेड हेड, टू-पॅक पेंट. बरेच मूळ सुटे भाग सोबत मिळतील. वार्षिक तपासणीची गरज नाही.’

ब्रिटनमध्ये अशा धाटणीच्या जाहिराती वर्षभर येत असतात. आपल्याकडे ‘एमजी’ ही अक्षरे आता हेक्टरसारख्या मोठ्या गाड्यांमुळे माहीत आहेत. मूळ नाव ‘मॉरिस गॅरेजेस’. त्यांची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे एकाच ‘बी-सीरिज’ घराण्यातले.

जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरेदीदाराला खूश करण्यासाठी असतो. पण तेच शब्द आरोग्याच्या दृष्टीने वाचले, तर त्या काळात गाड्यांमध्ये काय काय वापरले जात होते आणि ते आज कोणाच्या शरीरात जाऊ शकते, याची यादीच हाती येते.

‘नवे सिल’

सिल म्हणजे दरवाजाखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. त्यात वर छत नाही. त्यामुळे गाडीचा मधला भाग वाकू न देण्याचे काम मुख्यतः या सिलवर आणि तळाच्या पत्र्यावर येते.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खारे पाणी वीजवाहक असल्याने ही क्रिया वेगाने होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पत्र्याचे जोड फुगतात आणि आत आणखी पाणी शिरते. सिल आतून कुजते; बाहेरून मात्र पुट्टी आणि रंग चढवला की दिसायला झकास!

अशी गाडी बाजूने धडकली, तर आत बसलेल्यांना वाचवणारे फारसे काही उरत नाही. तपासणी सोपी आहे. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून फिरवावे. खाली पत्र्याऐवजी पुट्टी असेल, तर ते चिकटत नाही. गाडी जॅकवर उचलल्यावर दरवाजाभोवतीची फट कमी-जास्त होत असेल, तर सांगाडा कमकुवत आहे असे समजावे.

‘अनलेडेड हेड’

या दोन शब्दांमागे विसाव्या शतकातील सार्वजनिक आरोग्याचा एक मोठा अध्याय आहे. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग मिसळले की इंजिनाचे ‘नॉकिंग’ थांबते. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार दगावले. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले आणि पुढची अनेक दशके धुरातून शिसे हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात जात राहिले.

शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते; बुद्ध्यांक, एकाग्रता आणि वर्तनावर परिणाम होतो. त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. ते वगळल्याचा फायदाही मोजता आला. अमेरिकेत १९७६ ते १९९१ या काळात लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पातळी जवळपास ७८ टक्क्यांनी घटली आणि पेट्रोलमधून शिसे कमी होणे हे त्याचे मोठे कारण होते. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली, तर भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. अल्जीरियाने २०२१ मध्ये विक्री बंद केल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार झाले.

जुन्या इंजिनांना मात्र शिशाचा एक फायदा होता. त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये उशीसारखे काम करी. तो नाहीसा झाल्यावर साध्या बिडाच्या सीट जास्त वेगात झिजू लागल्या. उपाय म्हणून हेडमध्ये कठीण पोलादी सीट बसवतात. तेच हे ‘अनलेडेड हेड’.

म्हणजे शिशाचा प्रश्न मिटला का? चालवणाऱ्यापुरता बऱ्याच अंशी मिटला. जुने इंजिन खोलून साफ करणाऱ्यासाठी नाही. कित्येक वर्षे शिसेयुक्त पेट्रोलवर चाललेल्या इंजिनातील आणि सायलेन्सरमधील काजळीत शिसे असते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पत्र्याचे जोड शिशाच्या मिश्रधातूने भरत. जुन्या रंगातही ते असू शकते. कोरडे घासले की त्याची धूळ नाकातोंडात जाते आणि कपड्यांवरून घरी, मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून ओले करून घासणे, जेवणापूर्वी हात-तोंड धुणे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळणे, ही पथ्ये गॅरेजमध्ये पाळलीच पाहिजेत.

‘मूळ सुटे भाग’

डब्यात जपून ठेवलेला, कधीही न वापरलेला जुना भाग शौकिनांना सोन्यासारखा वाटतो. पण तो ब्रेक लायनर, क्लच प्लेट किंवा गॅस्केट असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. उष्णता सोसणारे आणि स्वस्त म्हणून ते सर्रास वापरले जाई. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली. भारतात त्याचा वापर अद्याप पूर्णपणे बंद झालेला नाही.

ब्रेक लावताना होणाऱ्या उष्णतेने लायनरमधील बरेचसे ॲस्बेस्टॉस दुसऱ्या खनिजात बदलते, हे खरे. पण न झिजलेल्या भागातील तंतू तसेच राहतात. लायनर घासताना, त्याला भोके पाडताना किंवा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवताना ते श्वासात जाऊ शकतात. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर साधारण २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. त्यामुळे ‘इतकी वर्षे काम करतोय, काही झाले नाही’ या दाव्याला अर्थ नसतो. जुने लायनर बदलून ॲस्बेस्टॉसविरहित बसवावेत. ड्रम साफ करताना हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. ‘मूळ भाग’ म्हणून लायनर जपण्याचा मोह टाळावा.

‘टू-पॅक पेंट’

वर्षानुवर्षे टिकणारी ती आरशासारखी चकाकी रंगात हार्डनर मिसळून येते. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारणी करताना ती श्वासात गेली, तर दमा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते. एकदा शरीर संवेदनशील झाले, की नंतर अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो आणि माणसाला तो व्यवसायच सोडावा लागू शकतो.

हा मुद्दा ब्रिटनपुरता नाही. आपल्याकडील डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्येही हेच रंग वापरतात आणि रंगारी अनेकदा तोंडाला रुमाल बांधून फवारणी करतो. रुमाल किंवा कागदी मास्क येथे पुरेसा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि धूर खेचून घेणारी बंद खोली लागते. संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छातीत घरघर आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना आपले काम काय आहे, ते आवर्जून सांगावे.

‘वार्षिक तपासणीची गरज नाही’

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. जाहिरातीत ही सोय म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तपासण्याची सगळी जबाबदारी मालकावर येते.

या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. १९७५ ते १९८६ दरम्यानच्या पेट्रोल गाड्यांसाठी तेथील तपासणीत धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांसाठी ती ०.३ टक्क्यांच्या आसपास. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून बंद गॅरेजमध्ये असे इंजिन सुरू करून ‘जरा गरम होऊ दे’ म्हणणे जीवघेणे ठरू शकते.

दुसरा धोका आगीचा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करते आणि गळती इंजिनाच्या गरम भागावर झाली, तर भडका उडू शकतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल प्रचलित झाले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचेच वापरा, असा सल्ला देण्यात आला. आपल्याकडे २० टक्के मिश्रण आले आहे. जुनी स्कूटर, पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर जपणाऱ्यांनी इंधनाच्या नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे बसवून घ्यावेत.

आणि पट्टा? तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ मध्ये आला, पण जुन्या गाड्यांत तो असेलच असे नाही. ब्रिटिश नियमानुसार पट्टे नसलेल्या गाडीतून तीन वर्षांखालील मुलांना नेता येत नाही, आणि त्यावरील मुलांना फक्त मागच्या आसनावर बसवता येते. दोन आसनी गाडीत मागचे आसनच नाही! अर्थात, मुलांना या गाडीची सफर घडवायची असेल, तर आधी पट्टे बसवून घ्यावे लागतात.

विकत घेण्यापूर्वी

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास क्रमांकपट्टी मिळते. हा छंद वाढतो आहे आणि त्यात गैर काही नाही. विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी पाच प्रश्न विचारावेत : सिल कापून नवे जोडले की वरून पत्रा चढवला, आणि त्या कामाचे फोटो आहेत का? ब्रेक-क्लचचे लायनर कधी आणि कोणते बसवले? इंधनाच्या नळ्या कधी बदलल्या? सीटबेल्ट कोठे आणि कशाला पक्के केले आहेत? जुना रंग कसा काढला? पहिल्या चार उत्तरांवर तुमची सुरक्षितता ठरेल. शेवटच्या उत्तरातून ही गाडी चकचकीत करणाऱ्या कारागिराची काळजी कोणी घेतली होती का, हे कळेल.