नाणेघाटची पायवाट आणि आमचा कापडधंदा

डोंगरात चार-चार दिवस पायी हिंडायला जाणारे गिऱ्हाईक आता बारामती-इंदापूरच्या कापड दुकानांतही येऊ लागले आहे. लवकर वाळणारे कापड आहे का, पाठीवरच्या सॅकला पावसाळी कव्हर शिवून मिळेल का, असे तो विचारतो. पुष्कळ व्यापारी बंधू ‘हे आमच्याकडे मिळत नाही, पुण्याला जा’ असे सांगून त्याला वाटेला लावतात. हे फिरणे म्हणजे नेमके काय, त्यात पैसा कोणाकोणाच्या हाती जातो आणि आपल्या शिलाईवाल्यांना त्यात जागा आहे की नाही, हे नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख.

मुद्दा उदाहरणावरून लवकर कळतो. आपल्या पुणे जिल्ह्यातली नाणेघाट ते जुन्नर ही वाट आम्ही उदाहरणाला घेतो. हिचे कारण असे की ही वाट मुळातच व्यापाऱ्यांची आहे.

दोन हजार वर्षांची पेठ

कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरे. तिथे उतरलेला माल घाटावर चढवून जुन्नर, पैठणकडे न्यायचा तर सह्याद्रीची भिंत आडवी. तिच्यात सातवाहनांच्या काळात जी वाट वाहती होती ती नाणेघाट. कोकणच्या बाजूला कल्याण-मुरबाड रस्त्यावर वैशाखरे गाव आहे. तिथून चढण सुरू होते. दगडी पायऱ्या, मध्येमध्ये कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि शेवटी एका अरुंद खिंडीतून माणूस घाटमाथ्यावर निघतो.

माथ्याजवळ एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख कोरलेला आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळचा, म्हणजे सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, असा तो मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. किती गाई, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, सगळे आकड्यांत. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. भारतात आकडे लिहिण्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हा लेख गणला जातो. आम्हा हिशेबाच्या माणसांना तो पाहताना एखादी जुनी खतावणी उघडल्यासारखे वाटते. त्याच लेण्यात राजघराण्यातील माणसांचे पुतळे होते. आज फक्त वरची नावे आणि खाली पायांच्या खुणा उरल्या आहेत.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणारा-जाणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत असे, असे लोक सांगतात, आणि घाटाचे नावही नाण्यावरूनच पडले म्हणतात. जकात हा शब्द आपल्या परिचयाचा. मराठीत तो मालावरच्या कराला लागला, आपल्या घरात त्याचा अर्थ वेगळा. पण दोन्हीकडे आशय एकच की वाटेवरच्या कमाईत दुसऱ्याचाही हिस्सा असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता कापडाचे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी पुस्तकात तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या गावाहून साधे जाडे कापड आणि मलमलीचे प्रकार बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. म्हणजे दख्खनचे कापड समुद्रापार जाणे ही काल-परवाची गोष्ट नाही.

कारागिरांची पत

घाट चढून आपण जुन्नर तालुक्यात येतो. जुन्नरच्या भोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. ती सगळीच राजांनी खोदवली नाहीत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या वेळच्या व्यापारी मंडळाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख तिथे आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे लोकांनी ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. यवन म्हणून नोंदलेले परदेशी दानकर्तेही आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर आपल्या धंद्याचीच नोंद आहे. उषवदात नावाच्या सरदाराने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले, एकीकडे २,००० आणि दुसरीकडे १,०००. त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंचा कपड्यांचा आणि इतर खर्च चालायचा होता. त्यातला व्याजाचा भाग आपण बाजूला ठेवू. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की राजाचा जावई आपली रक्कम विणकरांच्या हाती निर्धास्तपणे ठेवत होता. इतकी पत त्या कारागिरांची होती. आज आपला शिलाईवाला धाग्याच्या रिळासाठीही दुकानदाराच्या उधारीवर बसतो. मधल्या काळात काय हरवले, याचा विचार प्रत्येकाने करावा.

जुन्नर पुढे निजामशाहीची पहिली राजधानी झाले. शहरालगत हापूसबाग येथे हबशी महाल आणि सौदागर घुमट या इमारती आहेत. घुमटाचे नावच सौदागराचे आहे! जुन्नरचा हातकागद एके काळी नामांकित होता. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी कागद वापरला जाई आणि तो बनवणारे कागदी कारागीर मुसलमान होते. गिरणीचा कागद आला आणि तो हुन्नर मागे पडला.

चार दिवसांची चाल कशी असते

आता आजची रीत. आयोजक पंधरा-वीस माणसांची तुकडी करतो. बरोबर एक जाणता म्होरक्या आणि गावातला एक वाटाड्या असतो. पहिल्या दिवशी वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून माथ्यावरच्या घाटघर गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी शेजारचा जीवधन किल्ला. त्याच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे काही ठिकाणी दोर लावावा लागतो. वाटाड्याशिवाय जाऊ नये. वर दगडी धान्यकोठार अजून उभे आहे. तिसऱ्या दिवशी पूर गावचे कुकडेश्वराचे प्राचीन देऊळ आणि चावंड किल्ला. अहमदनगरचा बहादूर निजामशाह लहान असताना याच किल्ल्यावर कैदेत होता. चौथ्या दिवशी जुन्नर शहर, लेण्याद्री आणि शिवनेरी. शिवनेरीवर शिवजन्मस्थान आहे, तशीच कमानी मशीदही आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ सालीच विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले होते. म्हणजे या भागात माणसांची ये-जा कमी होणार नाही.

जेवण-मुक्काम बहुधा गावातल्या घरीच असतो. तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, भात. आपल्यापैकी कोणी गेल्यास शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवावे, काही अडचण येत नाही. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधारात एकट्याने बाहेर पडू नये. पावसाळ्यात गर्दी फार होते, पायऱ्या निसरड्या असतात, आणि प्रशासन वेळोवेळी बंदीही घालते. चालायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

पैसा कोठे जातो

तुकडीने भरलेल्या रकमेतून गाडीभाडे, जेवण, मुक्काम, वाटाड्याची मजुरी आणि सामान हे खर्च निघतात. उरते ते आयोजकाचे. जो आयोजक गावातच जेवण घेतो, गावचाच वाटाड्या लावतो, त्याचा पैसा घाटघर-चावंडच्या आदिवासी घरांत पोहोचतो. जो सगळे शिधा-सामान शहरातून भरून आणतो, त्याची माणसे गावात फक्त कचरा ठेवून जातात. रांजणाचा हिशेब इथे लागू होतो. वाट ज्यांच्या दारातून जाते, त्यांचा वाटा राहिला तरच वाट टिकते.

सामान हा जो खर्च आहे, त्यात आपली जागा आहे. सॅक, कव्हर, पाँचो, तंबू, झोपण्याची पिशवी, कमरेचा बटवा, टोपी, हे सगळे कापड आणि शिलाईचे काम आहे. चालणारे गिऱ्हाईक आपल्याला नवे नाही. दर आषाढीला तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीकडे जाते. वारकऱ्याला काय लागते हे आपल्या बाजारपेठेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डोंगरात चालणाऱ्याची गरज थोडी वेगळी, इतकेच.

शिलाईवाल्यांसाठी चार गोष्टी

पहिली, सॅकचे कव्हर. यासाठी आतून लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्यावे. सुताचा दोरा वापरू नये, तो भिजून कुजतो, पॉलिस्टरचा वापरावा. कापड कितीही चांगले असले तरी पाणी शिरते ते सुईच्या भोकांतून. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते. माल देण्यापूर्वी एका नगात पाणी भरून रात्रभर टांगून ठेवावे. सकाळी खाली थेंब दिसला तर तो माल बाहेर काढू नये.

दुसरी, कापणी. ३० लिटरच्या छोट्या सॅकला साधारण २८ बाय ३६ इंचांचा काप पुरतो. ५८ इंची पन्ह्यात असे दोन काप शेजारी बसतात. म्हणजे १० मीटरमध्ये २० कव्हरे निघतात आणि सुमारे ८५ सेंटिमीटरचा तुकडा वर उरतो. त्याचे बटवे करावेत. मोठ्या सॅकचे माप सॅक समोर ठेवूनच घ्यावे.

तिसरी, झोपण्याच्या पिशवीचे सुती अस्तर. आयोजक एकच पिशवी दर तुकडीला नव्या माणसाला देतो आणि ती दर वेळी धुता येत नाही. आत घालण्याची पातळ सुती खोळ असली की खोळ धुतली, काम झाले. साध्या मशीनवर, साध्या लाँगक्लॉथची ही खोळ कोणीही शिवील. घरी बसून काम करणाऱ्या आमच्या भगिनींना हे काम सर्वांत सोयीचे.

चौथी, अंगावरचे कपडे. सुती कपडा घामाला बरा, पण भिजला की जड होतो आणि थंडीत अंगावरच गार पडतो. जीन्स तर सर्वांत वाईट. पावसाळ्यासाठी पातळ पॉलिस्टर, उन्हासाठी पूर्ण बाहीचा सुती सदरा, असे समजावून सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

एकट्याने नको

आमच्या ओळखीच्या एका कारागिराने एका आयोजकाला तोंडी बोलीवर साठ कव्हरे शिवून दिली. माल गेला, हंगाम सरला, अर्धी रक्कम अजून यायची आहे. कागद नाही, त्यामुळे बोलायला तोंड नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही तर आपल्याला स्पष्ट ताकीद आहे, आणि तिच्यावर अंमल करण्यात आपणच मागे. कापडाचा प्रकार, रंग, नग, तारीख आणि दर कागदावर घ्यावा. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात आयोजकाने नोंदणी करावयाची असते. ती आहे का, हेही विचारावे.

दुसरे असे की शंभर-दोनशे नगांची मागणी एका मशीनवाल्याला झेपत नाही, म्हणून ती पुण्या-मुंबईला जाते. पाच-सात जणांनी मिळून कापडाचा ताका ठोक भावाने आणावा, एकाने कापावे, दोघांनी शिवावे, एकाने तपासावे, आणि पावती एका नावाने द्यावी. जुन्नरच्या कासारांनी आणि गोवर्धनच्या विणकरांनी श्रेणी बांधल्या त्या याचसाठी.

आणि जुन्नरपर्यंत जायचेच असे नाही. आपल्या इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कुंभारगावचे मच्छीमार उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवायला पाहुण्यांना नावेतून नेतात. मासेमारीच्या जोडीला त्यांनी हा धंदा उभा केला. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले प्राचीन देऊळ उघडे पडते आणि ते पाहायला लोक येतात. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. या पाहुण्यांना टोपी, पिशवी, पाण्यापासून कॅमेरा वाचवणारी खोळ लागते. ती आज तिथे कोण विकते? जाऊन पाहावे.

ज्यांच्या मुलांनी शिलाई शिकून मशीन झाकून ठेवली आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकदा नाणेघाट दाखवून आणावा. सॅक पाठीवर घेऊन चार तास चालले की पट्टा कुठे रुततो, शिवण कुठे उसवते, हे शंभर नमुने पाहून कळत नाही ते कळते. लेण्यांच्या भिंतींवर मात्र नाव कोरू नये. तिथे आधीच कारागिरांची नावे आहेत, आणि ती त्यांनी पैसे मोजून, दान देऊन मिळवली आहेत.