ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी प्लग मोजा!

सेकंड इयरला मी १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय बनवला. ०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८१२. लॅबमध्ये लोड न लावता मोजला, बरोबर १२! सुट्टीत तो केज तालुक्यातल्या आमच्या गावी नेला, मंदिरातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला आणि स्पीकरमधून नुसती घरघर. आबा म्हणाले, "यापेक्षा बॅटरी बरी होती की रे!"

सोल्डरिंग तपासलं, ठीक होतं. शेवटी प्लगमध्ये मीटर घातला, तर १८० व्होल्ट! परळीचं थर्मल आपल्याच जिल्ह्यात. पण आमचं गाव लाइनच्या टोकाला, त्यात रब्बीच्या मोटारी चालू.

आता हिशोब बघा. २३० ला १२ देणारा ट्रान्सफॉर्मर १८० ला ९.४ च देतो. त्याचा पीक १३.३; ब्रिजमध्ये १.४ गेले, उरले ११.९. ७८१२ ला मात्र आत किमान १४ तरी लागतात. मग १०० हर्ट्झचा रिपल सरळ स्पीकरपर्यंत जातो. तीच घरघर!

मित्र म्हणाला, १२-०-१२ घे. दोन डायोड लावून वापरला तर फक्त ०.७ व्होल्ट वाचतात, तेवढ्यानं भागत नाही. दोन्ही टोकं ब्रिजला दिली तर २४ होतात. रात्री मोटारी बंद होऊन लाइन २५० वर गेली की पीक ३५ च्या वर जातो. ७८१२ ची मर्यादा ३५, म्हणजे आयसी गेलाच! टोरॉइडल चांगला, पण महाग. एवढ्याशा कामाला साधा ई-आय पुरतो.

मी ०-१५ घेतला. १८० ला कपॅसिटरवर १५.२ मिळतात. अर्ध्या अ‍ॅम्पिअरला रिपल साधारण १ व्होल्टच राहावा म्हणून कपॅसिटर ४७०० चा, ३५ व्होल्टचा लावला. २५० ला ७८१२ मध्ये जवळजवळ ५ वॅट उष्णता होते, म्हणून हीटसिंक हवाच. कपॅसिटर झटक्या-झटक्यानं करंट ओढतो, त्यामुळे अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या लोडलाही ट्रान्सफॉर्मर १ अ‍ॅम्पिअरचा घ्यावा.

एक सांगतो. ट्रान्सफॉर्मर वगळून नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज उतरवायचा 'स्वस्त' सर्किट कुणी देईल. तसला सप्लाय अशा ठिकाणी कधीच लावू नका. माइक हातात धरणाऱ्या माणसात आणि मेन्समध्ये ट्रान्सफॉर्मरच उभा असतो. प्रायमरीला फ्यूज आणि लोखंडी डब्याला अर्थिंग विसरू नका.

तयार अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळतो, कबूल. पण स्वतः बनवणार असाल तर संध्याकाळचं सगळ्यात कमी व्होल्टेज धरून ट्रान्सफॉर्मर निवडा आणि रात्रीच्या सगळ्यात जास्त व्होल्टेजला तपासून घ्या.

पुढच्या सुट्टीत हरिपाठ झाला. आबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे पास!