फिरता पट्टा आणि सरकारचा हात

मॅग्नेटो म्हणजे मोटारीच्या इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग. डेट्रॉईटलगतच्या हायलंड पार्क येथील फोर्ड कारखान्यात 1913 पर्यंत तो एकेक कामगार एकट्याने जोडत असे आणि त्याला सुमारे 20 मिनिटे लागत. त्या वर्षी हे काम 29 जणांत वाटले गेले. कामगार जागेवर उभे राहिले आणि काम त्यांच्यापुढून सरकू लागले. वेळ 13 मिनिटे 10 सेकंदांवर आला. पुढे कामाची ही सरकती ओळ 8 इंच उंच केली, कामगारांचे वाकणे थांबले आणि तेच काम 7 मिनिटांत उरकू लागले. गाडीच्या सांगाड्याची जुळणी साडेबारा तासांवरून 1 तास 33 मिनिटांवर उतरली.

या पद्धतीचा पाया मात्र सरकारी होता. कोणताही सुटा भाग कोणत्याही बंदुकीत चपखल बसावा, ही कल्पना अमेरिकी सरकारच्या स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी येथील शस्त्र कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तडीस गेली. वर्षानुवर्षे खर्च सोसून असे प्रयोग करणे खासगी कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. तिथले कारागीर पुढे शिवणयंत्रांच्या आणि सायकलींच्या धंद्यात गेले आणि ती विद्या त्यांच्याबरोबर पसरली.

फोर्डच्या फिरत्या पट्ट्यावरचे काम माणसाला पिळून काढणारे होते. कामगार टिकेनात. अखेर जानेवारी 1914 मध्ये फोर्डने 8 तासांच्या कामाला 5 डॉलर रोज जाहीर केला. आधीच्या रोजाच्या तो दुपटीहून अधिक होता. 1908 मध्ये 850 डॉलरला मिळणारी मॉडेल टी 1925 पर्यंत 260 डॉलरवर आली. पण सगळेच मालक असा रोज देत नव्हते. माल भराभर निघत होता, तो विकत घेणाऱ्यांच्या खिशात तितका पैसा नव्हता. 1929 मध्ये अमेरिकेत 50 लाखांहून अधिक मोटारगाड्या तयार झाल्या. मंदीत, 1932 मध्ये, हा आकडा जेमतेम चौथाईवर आला.

तोवर सरकारचा भर मक्तेदारी रोखण्यावर होता. 1890 च्या शर्मन कायद्याच्या आधारे 1911 मध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीचे तुकडे करण्यात आले. मंदी आल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने थेट वेतन आणि किमतींना हात घातला. त्यासाठीचा 1933 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1935 मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटनेचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला, आणि खरा बदल इथूनच झाला. तरी हक्क कागदावरून कारखान्यात आणायला फ्लिंट येथील जनरल मोटर्सच्या कामगारांना 1936-37 च्या हिवाळ्यात 44 दिवस यंत्रांपाशी ठाण मांडून बसावे लागले. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी सैनिक बोलावले, पण ते कामगारांना हुसकावण्यासाठी वापरले नाहीत. कंपनीने संघटनेला मान्यता दिली. 1938 मध्ये ताशी 25 सेंट किमान वेतन कायद्याने ठरले. फोर्डने संघटनेशी करार केला तो 1941 मध्ये.

पुढे महायुद्धासाठी फेब्रुवारी 1942 मध्ये सरकारने खासगी मोटारींचे उत्पादनच थांबवले. सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या आणि फोर्ड चालवत असलेल्या विलो रन कारखान्यातून 1944 मध्ये ऐन भरात तासाला एक बी-24 बॉम्बफेकी विमान बाहेर पडत होते.