'खंड पडला' म्हणजे नेमके काय?

'डिसकंटिन्युअस' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ आपण 'खंडित' असा सांगतो. वऱ्हाडातल्या मुलांना 'खंड' शिकवावा लागत नाही. पावसाने खंड दिला की घरात दुबार पेरणीची चिंता सुरू होते. मग असा पाऊस डिसकंटिन्युअस म्हणायचा का?

एसटीचे उदाहरण घेऊ. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाताना अंतर सलग वाढते. भाडे मात्र टप्प्याने वाढते. एका टप्प्यात ते तेच राहते आणि टप्पा ओलांडताच एकदम वर जाते. मधल्या रकमा येतच नाहीत. आलेख काढताना पेन्सिल उचलावी लागते. गणितात डिसकंटिन्युअस, म्हणजे असंतत, ते हे. भाडे कुठेही 'बंद' पडत नाही, हे लक्षात घ्यावे.

थांबून पुन्हा येणाऱ्या पावसाला 'इंटरमिटंट' हा शब्द अधिक नेमका. गंमत अशी, की पाऊस थांबतथांबत पडला तरी १ जूनपासूनच्या एकूण पावसाचा आलेख कुठेच तुटत नाही. खंडाच्या दिवसांत ती रेषा फक्त आडवी होते.

म्हणूनच एकूण बेरीज फसवी ठरते. समजा, दोन गावांत महिन्याला १०० मिलिमीटर पाऊस झाला. एका गावी दर आठवड्याला २५, दुसऱ्या गावी पहिल्या दोन दिवसांतच सगळा. बेरीज सारखीच, पण दुसऱ्या गावी वरचा थर वाळतो आणि उथळ मुळांची रोपे माना टाकतात. बरड जमिनीत हे लवकर होते, खोल काळ्या जमिनीत थोडे उशिरा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारे, त्यामुळे ओलिताचा आधारही तोकडा.

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. असा खंड हंगामाच्या एका आकड्यात दिसत नाही.

शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. रोजच्या पावसाचे स्तंभ आणि एकूण पावसाची रेषा असे दोन आलेख मुलांकडून काढून घ्यावेत. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' मानतात. अशा दोन दिवसांमधले कोरडे दिवस मुलांनी मोजावेत आणि घरी विचारावे, त्या दिवसांत पीक कसे होते? शब्दाचा अर्थ तेव्हा पक्का होईल.