खिशातली कॅप्सूल

सकाळचे पावणेनऊ. परळच्या एका लॅबबाहेर बाकावर बसलेला लालबागचा पस्तिशीतला तरुण सारखा घड्याळ बघतोय. आईची किडनी बसवून त्याला चार वर्षं झाली. रात्रीचं टॅक्रोलिमस त्यानं नऊला घेतलंय; आता बारा तास भरले की रक्त द्यायचं आणि मगच शर्टाच्या खिशातली सकाळची कॅप्सूल तोंडात टाकायची. आधी घेतली तर ‘लेव्हल’ फुगून येणार. डॉक्टरांना हवा असतो तो पुढच्या डोसाआधीचा, सगळ्यात खालचा आकडा. चार वर्षं झालेल्या पेशंटला तो बहुधा 5 ते 8 नॅनोग्रॅमच्या घरात लागतो. खाली घसरला तर शरीर किडनी नाकारू शकतं; फार चढला तर हेच औषध किडनीला मारक.

शेजारी गिरगावच्या एक काकू. वीस वर्षांपासून सायक्लोस्पोरिनवर. हिरड्या सुजतात, गालावर लव वाढली. तरुणाची तक्रार उलटी: हात थरथरतो, केस गळतात, शुगर वाढलीय. बाकावर रोज हाच वाद, की कुणाची गोळी भारी?

त्याचं एक उत्तर 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिम्फनी’ चाचणीनं दिलं. 1,645 रुग्ण, चार गट. मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड सगळ्यांना. कमी डोसाच्या टॅक्रोलिमसच्या गटात पहिल्या वर्षात रिजेक्शन सुमारे 12 टक्के, सायक्लोस्पोरिनच्या दोन्ही गटांत 24 ते 26, सिरोलिमसच्या गटात 37. किडनीचं कामही टॅक्रोलिमसवाल्यांचंच सरस. मधुमेह मात्र त्यांच्यातच जास्त. म्हणून वीस वर्षं किडनी सांभाळणाऱ्या काकूंची गोळी केवळ या आकड्यांसाठी बदलावी, असं मुळीच नाही.

याच परळमध्ये, केईएममध्ये, 1965 साली मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा देशातला पहिला प्रयत्न झाला. तेव्हा जगभर भिस्त होती ॲझाथायोप्रिन आणि स्टिरॉइडवर. पुढची औषधं अक्षरशः मातीतून आली: सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या पठारावरच्या बुरशीतून, टॅक्रोलिमस जपानच्या त्सुकुबातल्या जिवाणूतून, सिरोलिमस ईस्टर बेटावरून. आणि म्हातारं ॲझाथायोप्रिन अजून निवृत्त झालेलं नाही. मूल हवं असलेल्या बाईचं मायकोफेनोलेट गर्भाला घातक म्हणून आधीच बंद करतात आणि त्या जागी तेच देतात.

मुंबईत आणखी एक गाठ पडते ती टीबीशी. टीबीवरचं रिफाम्पिसिन सुरू झालं की टॅक्रोलिमसची लेव्हल कोसळते. उलट रक्तदाबाचं डिल्टियाझेम ती चढवतं. खर्च वाचावा म्हणून काही डॉक्टर ते मुद्दाम जोडीला देतात आणि टॅक्रोलिमसचा डोस उतरवतात. गणपतीत दादरच्या बाजारात मिळणारं पपनसही लेव्हल चढवणारं, त्यामुळे या मंडळींना ते वर्ज्य.

नऊ वाजले. जांभळ्या बुचाची नळी भरते. औषध तांबड्या पेशींना धरून बसतं, म्हणून इथे सीरम चालत नाही, सगळं रक्त लागतं. लेबलवर ‘रात्री 9’ लिहून घेतलं जातं. दंडावरचा कापूस दाबतच तरुण कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतो. चहावाला किटली घेऊन समोर उभा राहतो, पण अजून तासभर पोट रिकामंच ठेवायचंय. तो दोन्ही पंजे उघडून दाखवतो. दहाला ये.